ऑनलाइन झालं, पण उघडं कुठे झालं?

मंडळी, पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा. सोयाबीनच्या पिवळ्या मोझॅकवर लिहायचं ठरलं होतं, ते पुढच्या आठवड्यात नक्की. आज पिकावर नाही, पिकाच्या नोंदीवर लिहायचंय. नोंद नसेल तर पीक असून नसल्यासारखं आहे, हे आता सगळ्यांनाच पुरतं कळलंय.

सध्या या विषयावर दोनच वाक्यं ऐकू येतात. कचेरीत गेलं की साहेब म्हणतात, "शेतकऱ्यांना मोबाईल नीट वापरता येत नाही, आम्ही काय करणार?" आणि पारावर बसलं की आपलेच लोक म्हणतात, "ते ऑनलाइन बंद करा, जुनंच बरं होतं." मला दोन्ही पटत नाहीत. ज्या माणसाला मोबाईलवर बाजारभाव, रडारचं चित्र, ड्रिपच्या मोटारीचं स्टार्टर आणि नातवाचा व्हिडिओ कॉल जमतो, त्याला पिकाचं नाव निवडता येत नाही असं म्हणणं ही शुद्ध थाप आहे. आणि जुनं बरं होतं म्हणणाऱ्यांना जुनं नीट आठवत नाही.

आधी जुनंच घेऊ. सातबारा म्हणजे दोन नमुने. सात नंबरला जमीन कुणाची ते, बारा नंबरला त्या जमिनीत काय पिकलं ते. हा बारा नंबर भरायचं काम तलाठ्याचं. आता त्यांचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण बोलताना तलाठीच म्हणतो आपण. एका तलाठ्याकडे साझा, साझ्यात दोन-तीन गावं, शेकडो गट. तो प्रत्येक बांधावर जाईल कसा? मग गेल्या साली जे होतं तेच यंदा. ऊस मोडून हरभरा पेरला तरी बाराला ऊसच. विहीर कोरडी पडून दहा वर्षं झाली तरी कागदावर बागायत. दुरुस्ती करायची तर हातापाया पडा, नाहीतर चहापाण्याचं बघा. हे "बरं होतं"?

पण त्या जुन्यात एक गोष्ट खरंच चांगली होती आणि तीच आपण ऑनलाइनच्या नादात घालवली. ती म्हणजे चावडी. गावाचं दप्तर गावात होतं. चावडी वाचनात नावं मोठ्यानं वाचली जायची आणि ऐकणारा उठून म्हणायचा, "अहो, तो तर वारला, तीन पोरं आहेत त्याला." नोंद चुकली तर कुठे चुकली, कुणी चुकवली, हे चार लोकांसमोर यायचं. दप्तरावर गावाची नजर होती. कमी असेल, मोठ्या खातेदाराच्या बाजूनं झुकलेली असेल, पण होती. 2017 साली सातबारे संगणकावर चढवताना टाइप करण्यात चुका राहिल्या होत्या, तेव्हा सरकारलाही ही नजर आठवली आणि संगणकावरच्या सातबाऱ्यांचं गावोगाव चावडी वाचन घेतलं. म्हणजे संगणकाची चूक गावानं ऐकून काढायची. मला ही कल्पना आजही पटते. दुःख एवढंच की ती एक मोहीम म्हणून आली आणि मोहीम म्हणूनच संपली.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर सरकारी सेवा ऑनलाइन झाली पण उघडी झाली नाही. आधी दप्तर कपाटात होतं, आता सर्व्हरमध्ये आहे. आधी कपाटाची किल्ली निदान कुणाकडे आहे हे माहीत होतं.

आता ई-पीक पाहणी बघा. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झाली. कल्पना चांगलीच आहे आणि मी तिच्या बाजूचा आहे. माझ्या वावरात काय पेरलंय हे मीच फोटो काढून सांगायचं, तलाठ्यानं थोड्या नोंदी तपासायच्या, बाकी माझ्या शब्दावर विश्वास. सातबाऱ्याच्या इतिहासात शेतकऱ्याला स्वतःची नोंद स्वतः करता येणं ही साधी गोष्ट नाही. पण पहिल्या आवृत्तीत चुकून सोयाबीनऐवजी दुसरंच काही दाबलं गेलं तर पंचाईत. आंतरपिकांना जागा कमी. लोक बोलले, भांडले, पेपरात आलं. मग 2022 च्या खरिपात दुसरी आवृत्ती आली. तिच्यात आपली नोंद 48 तासांत आपणच दुरुस्त करायची सोय आली, मुख्य पिकासोबतच्या दुय्यम पिकांसाठी जागा वाढली, गावातल्या खातेदारांच्या नोंदी ॲपवर बघता येऊ लागल्या.

या सुधारणा कुठून आल्या? मुंबईतल्या हुशार माणसाला स्वप्न पडलं म्हणून नाही. सोयाबीनच्या चार ओळींमागे तुरीच्या दोन ओळी पेरणाऱ्यानं "माझी तूर कुठे लिहू?" असं विचारलं म्हणून आल्या. 48 तासांची सोय हवी हे ज्याचं बोट चुकलं त्यालाच आधी कळलं. मग प्रश्न असा आहे की हे विचारायला एक अख्खा हंगाम वाया का जावा? ॲप राज्यभर लावण्याआधी प्रत्येक जिल्ह्यातल्या दोन-चार गावांत, वेगवेगळ्या पिकांच्या, डोंगरातल्या, रेंज नसलेल्या गावांत चालवून, काय बिघडलं याची यादी जाहीर करायला काय हरकत होती? आपण नवीन वाण आलं तर सगळं रान त्याच्यावर लावत नाही. आधी दोन गुंठ्यांत बघतो.

आता तर फोटो गटाच्या हद्दीतच काढायची अट आणखी कडक झालीय. अट योग्य आहे, घरी बसून फोटो काढणारे आपल्यातही होते, खोटं कशाला बोला. पण नकाशा जुना, मोजणी जुनी, बांध सरकलेले. स्वतःच्या वावरात उभ्या माणसाला मोबाईल म्हणतो तुम्ही गटाबाहेर आहात, ही तक्रार गावोगाव ऐकू येते. अशा वेळी चूक नकाशाची आहे, जीपीएसची आहे की माणसाची, हे ठरवायचं कुणी? आज ठरवतो मोबाईल. आणि मोबाईलशी हुज्जत घालता येत नाही. कोणत्या गावात किती गटांचा नकाशा जुळत नाही याची यादी जर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली, तर आठ दिवसांत गाव सांगेल की अमुक ओढ्याच्या पलीकडचे सगळे गट एका बाजूला सरकलेत. ही माहिती सर्व्हरमध्ये आहेच. फक्त आपल्याला दाखवत नाहीत.

आणि हे सगळं किरकोळ आहे असं समजू नका. पीक विमा, अतिवृष्टीची मदत, हमीभावाच्या केंद्रावरची नोंदणी, सगळ्यांची गाठ शेवटी या नोंदीशी पडते. बारा नंबरला सोयाबीन नसेल तर तुमच्या ट्रॉलीत सोयाबीन असून उपयोग नाही. नुकसान झालं तर 72 तासांत कळवा असं विमा योजना आपल्याला सांगते. आपल्याला तासांत मुदत. आपण कळवलेल्याचं पुढे काय झालं हे आपल्याला सांगायला त्यांना किती तास, हे कुठेच ठळक लिहिलेलं दिसत नाही.

माझा एक अनुभव सांगतो. योजनेचं, पोर्टलचं, कचेरीचं नाव लिहीत नाही, कारण रोग एकाचा नाही. अनुदानाचा अर्ज केला, पूर्वसंमती आली, वस्तू पदरच्या पैशानं घेतली, बिल चढवलं. तीन आठवड्यांनी अर्ज परत. शेरा काय? "डॉक्युमेंट नॉट प्रॉपर." सहा कागद होते. कोणता नॉट प्रॉपर? माहीत नाही. सगळे सहा पुन्हा स्कॅन केले, पुन्हा चढवले. पुन्हा परत, शेरा तोच. तिसऱ्यांदा कचेरीत जाऊन उभा राहिलो तेव्हा टेबलावरच्या माणसानं स्क्रीनकडे बघत, माझ्याकडे न बघता सांगितलं की आठ-अ जुना आहे, नवा काढून लावा. किती जुना चालतो हे पोर्टलवर नव्हतं, योजनेच्या माहितीपत्रकात नव्हतं, फलकावर नव्हतं. त्या माणसाच्या डोक्यात होतं. मग मी या पेजवर विचारलं, तर चार तालुक्यांतल्या बऱ्याच जणांनी लिहिलं की त्यांचेही अर्ज याच एका कागदासाठी परत आले. म्हणजे एक ओळ, "आठ-अ इतक्या महिन्यांच्या आतला हवा", एवढी एक ओळ पोर्टलवर लिहिली असती तर कितीतरी माणसांच्या कितीतरी खेपा वाचल्या असत्या.

आता गंमत बघा. ही ओळ आमच्या गावच्या सेवा केंद्रवाल्या पोराला आधीपासून माहीत होती. त्यानं मला सांगितलं नाही कारण मी अर्ज घरूनच भरला होता, शहाणपणा करून. केंद्र चालवणाऱ्या पोरांचे आपापसांत व्हॉट्सॲप गट असतात. कोणतं पोर्टल रात्री किती वाजता चालतं, फोटोची साइज किती ठेवली की चढतो, नावात मधलं नाव टाकलं तर आधारशी जुळत नाही, कोणत्या रकान्यात टिंब दिलं तर फॉर्म पुढे सरकतो, हे सगळं त्यांना पाठ. राज्यातल्या सरकारी पोर्टलांचं खरं ज्ञान या पोरांकडे आहे. त्यांना कुणी बैठकीला बोलावल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. बैठकीला कंपनीचा माणूस असतो, तो पडद्यावर रंगीत आलेख दाखवतो, किती लाख अर्ज आले ते सांगतो. किती लाख परत गेले आणि कशामुळे, तो आलेख कुणी मागत नाही.

कुणी म्हणेल हे मागायला कायदा कुठे आहे. आहे की. 2005 चा माहिती अधिकार कायदा आपण फक्त अर्ज टाकण्यापुरता ओळखतो. त्याचं कलम 4 वाचा. कुणी अर्ज न करताच सरकारी कार्यालयानं 17 बाबींची माहिती आपणहून जाहीर करायची असं ते म्हणतं. त्याच कलमात पुढे अशा दोन गोष्टी आहेत की त्या मोठ्या अक्षरात लिहून प्रत्येक कचेरीत टांगल्या पाहिजेत. एक, लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणं ठरवताना आणि निर्णय जाहीर करताना त्यामागची सगळी संबंधित तथ्यं जाहीर करायची. दुसरी, प्रशासकीय निर्णयाची कारणं ज्याच्यावर परिणाम होतो त्याला द्यायची. कारणं! "डॉक्युमेंट नॉट प्रॉपर" हे कारण नव्हे. उकिरड्यावर टाकताना माणूस याहून जास्त बोलतो.

दुसरा कायदा 2015 चा, महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम. अधिसूचित सेवा ठरलेल्या दिवसांत द्यायची, नाहीतर पहिलं अपील, दुसरं अपील, मग आयोग, आणि दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड. कायदा चांगला आहे. पण त्याचं घड्याळ अर्ज परत पाठवला की थांबतं किंवा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून मुदत संपत आली की मोघम शेरा मारून अर्ज परत पाठवणं सगळ्यात सोपं. मुद्दाम करतात असं मी प्रत्येकाबद्दल म्हणणार नाही. पण कोणत्या टेबलावरून किती अर्ज परत गेले आणि मुदतीच्या शेवटच्या दोन दिवसांत किती गेले, एवढे दोन आकडे दर महिन्याला जाहीर करा, मग बघू.

उघडेपणानं काय फरक पडतो याचं उदाहरण लांबचं नको, दोन कर्जमाफ्या घ्या. कोणत्या पक्षाचं सरकार होतं हा वाद इथे नको, तो पारावर घाला. 2017 च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत प्रत्येकानं ऑनलाइन अर्ज भरायचा होता. नवरा-बायको दोघं केंद्रावर, अंगठे, ढीगभर रकाने, रात्र रात्र रांगा. कामं सोडून माणसं ऐन खरिपात केंद्रासमोर झोपली. दिवाळीच्या तोंडावर समारंभ झाले, प्रमाणपत्रं वाटली गेली आणि मग बँकांची माहिती आणि पोर्टलची माहिती जुळत नाही हे बाहेर आलं. जी माहिती बँकेकडे होतीच ती शेतकऱ्याकडून पुन्हा भरून घेण्यात हंगाम गेला.

डिसेंबर 2019 मध्ये दुसरी आली, महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना. तिच्यात अर्जच नव्हता. बँकेनं माहिती द्यायची, यादी तयार करून गावात लावायची, प्रत्येकाला एक क्रमांक, शेतकऱ्यानं केंद्रावर जाऊन आधार पटवायचं आणि रक्कम बरोबर आहे का ते बघायचं. बरोबर असेल तर हो म्हणायचं, नसेल तर तिथेच तक्रार, ती जिल्ह्याच्या समितीपुढे जाणार. आणि फेब्रुवारी 2020 मध्ये सगळ्या राज्याची यादी एकदम न लावता आधी प्रत्येक जिल्ह्यातली दोन-दोन गावं घेतली. दोन गुंठ्यांत बघितलं, मी म्हणतो तसं! या योजनेतही राहिलेली माणसं आहेत, नियमित फेडणाऱ्यांना 50,000 रुपयांच्या प्रोत्साहनासाठी 2022 उजाडलं, हे सगळं खरं. पण रांगा, रात्री, अंगठ्यांचा तो तमाशा झाला नाही. यंत्र तेच, केंद्रं तीच, शेतकरी तोच. फरक एवढाच की यादी पैसे सुटण्याआधी लोकांच्या डोळ्यांसमोर आली आणि "हे चूक आहे" म्हणायला एक जागा ठेवली गेली.

शेजारच्या कर्नाटकानं 2000 च्या सुमारास "भूमी" नावानं जमिनीच्या नोंदी संगणकावर घेतल्या. तिथे तालुक्याच्या खिडकीवर दोन पडदे ठेवले होते. एक आतल्या माणसासाठी, दुसरा बाहेर शेतकऱ्याकडे तोंड करून. आत काय टाइप होतंय ते बाहेरच्याला दिसायचं. आणि फेरफाराचे अर्ज आले त्याच क्रमानं घ्यायचे, मधला उचलून पुढे घ्यायला यंत्रच देणार नाही अशी व्यवस्था. पंधरा रुपयांत उतारा. त्यातही नंतर अडचणी आल्या असतील, मी त्या व्यवस्थेची आरती करत नाही. पण शेतकऱ्याकडे तोंड केलेला तो दुसरा पडदा माझ्या डोक्यातून जात नाही. आज आपल्या कोणत्या कचेरीत पडद्याचं तोंड आपल्याकडे आहे?

राजस्थानची गोष्ट तर याहून मुळाशी जाते. मजदूर किसान शक्ती संघटनेनं 1994 मध्ये तिथल्या खेड्यांत जनसुनवाया सुरू केल्या. दुष्काळी कामाची मस्टर गावासमोर मोठ्यानं वाचायची. कामावर कधी न गेलेल्यांची नावं, न झालेल्या कामांची बिलं, सगळं गावासमोर उघडं पडायचं. आपल्या चावडी वाचनाचीच ही भावंडं म्हणा. माहिती अधिकाराच्या चळवळीला बळ तिथून मिळालं, आणि आपल्याकडे अण्णा हजारेंच्या आंदोलनातून राज्याचा वेगळा कायदा आला. पुढे 13 सप्टेंबर 2019 ला राजस्थान सरकारनं जन सूचना पोर्टल काढलं. कोणत्या गावात कोणत्या योजनेत कुणाला काय मिळालं, रेशन कुणी किती उचललं, हे लॉगिन न करता कुणालाही दिसतं. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती ते बनवण्याची पद्धत. सरकारचं माहिती तंत्रज्ञान खातं आणि गावात काम करणाऱ्या संघटना एकत्र बसत, कोणता रकाना हवा, कोणता शब्द लोकांना कळत नाही, कोणती माहिती चुकीची दिसतेय यावर बोलत. एकदा उद्घाटन केलं आणि सुटले असं नाही.

आता आक्षेप. ते मला माहीत आहेत, कारण तेच ते ऐकतो.

पहिला, "सगळं उघडं केलं तर लोकांची खासगी माहिती बाहेर जाईल." मान्य. आधार नंबर, खाते नंबर, मोबाईल नंबर यातलं काहीही फळ्यावर नको, आणि जे आज चुकून बाहेर दिसतं तेही झाका. पण मी माणूस उघडा करा म्हणत नाही, काम उघडं करा म्हणतो. परत गेलेल्या अर्जांचा आकडा, परत पाठवण्याची कारणं, नकाशा न जुळणारे गट, ॲपमधल्या माहीत असलेल्या चुका, त्या कधी दुरुस्त होणार याची तारीख, पोर्टल बनवणाऱ्या कंपनीशी झालेला करार. यात कुणाचं काय खासगी आहे? खासगीपणाचा पदर घेऊन कारभार झाकायचा हा नवा धंदा ओळखला पाहिजे.

दुसरा, "शेतकरी सूचना देतच नाहीत." देऊ कुठे? ॲपच्या दुकानात जाऊन एक तारा देणे हीच आज सूचना द्यायची जागा. लोक तिथेही गावाचं नाव, गट नंबर घालून कळवळून लिहितात. उत्तर ठरलेलं, आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. सूचनेला क्रमांक नाही, तिचं काय झालं हे नाही. बांधावर पेरलेलं उगवत नाही म्हणून कुणी बांधावर पेरायचं सोडलं तर त्याला आळशी म्हणता येत नाही.

तिसरा आक्षेप आपल्या बाजूचा, आणि तो मला जास्त टोचतो. "आपल्याला काय कळतं त्यातलं? ते इंजिनियरचं काम." अहो, गावातली पोरं पुण्यात बसून परदेशातल्या बँकांची सॉफ्टवेअरं दुरुस्त करतात आणि त्यांच्याच बापाचा अर्ज कोणत्या चुकीमुळे अडलाय हे त्यांना बघता येत नाही, कारण आतलं सगळं बंद. केंद्र सरकारनं 2015 मध्येच धोरण काढलं की सरकारी यंत्रणांत मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यायचं. म्हणजे आतली रचना बघता येईल, चूक दाखवता येईल असं. कायद्याचा मसुदा 30 दिवस लोकांसमोर ठेवावा असंही केंद्रानं 2014 मध्ये ठरवलं. मग ज्या ॲपवर माझं वर्षाचं उत्पन्न ठरतं त्याचा मसुदा 30 दिवस माझ्यासमोर का नको? माझ्यापुरता तर कायद्याएवढाच तो मोठा आहे. खरं तर मोठाच, कारण कायद्याविरुद्ध कोर्टात जाता येतं, लाल अक्षरात आलेल्या एररविरुद्ध कुठे जायचं?

आणि रोजगार हमीचं बघा. केंद्राच्या 2005 च्या कायद्यात ग्रामसभेनं कामांचं सामाजिक अंकेक्षण करायचं हे कलम 17 मध्ये लिहिलेलं होतं, आणि मस्टर कुणालाही संकेतस्थळावर बघता येत होतं. त्या योजनेत चोऱ्या झाल्या नाहीत असं नाही. पण झालेल्या चोऱ्या सापडल्या त्या याचमुळे, हे विसरू नका. मजुराच्या हजेरीचा कागद जगाला दिसू शकतो, तर विम्याचा दावा नाकारल्याचं कारण दावा करणाऱ्यालाच का दिसू नये?

मला काय हवंय ते भारी काही नाही. अर्ज परत आला तर कोणता कागद, त्यात काय कमी, कोणत्या नियमानं, हे मराठीत. हंगाम सुरू होण्याआधी निदान एक महिना ॲप गावात चाचणीला, आणि चाचणीत काय बिघडलं ते जाहीर. हंगाम संपताना गावाच्या पीक नोंदींचं चावडी वाचन, दरवर्षी, मोहीम म्हणून नव्हे तर रिवाज म्हणून. ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांची, एकट्या राहणाऱ्या बायकांची, बटईनं करणाऱ्यांची नोंद तिथे आपोआप निघेल, कारण कुणाचं रान कोण करतं हे गावाला माहीत असतं, सर्व्हरला नाही. आणि तालुक्याला तीन महिन्यांतून एकदा बैठक, जिच्यात केंद्र चालवणारी पोरं, तलाठी, कृषी सहायक, बचत गटाच्या बाया आणि पोर्टल बनवणाऱ्यांचा माणूस एका सतरंजीवर. तलाठ्यालाही बोलवा म्हणतो ते मुद्दाम. ॲप बिघडलं की शिव्या तोच खातो आणि त्याच्याही हातात काही नसतं.

2 ऑक्टोबरला ग्रामसभा आहे. आमच्या गावात मी ठराव मांडणार आहे आणि तो आधीच लेखी ग्रामसेवकांकडे देऊन पोच घेतलीय. ठरावात तीनच गोष्टी आहेत. खरिपाच्या पीक नोंदींची गावाची यादी ग्रामसभेत वाचावी. ज्या गटांचा नकाशा जुळत नाही त्यांची यादी तहसीलकडून मागवावी. आणि गावातून गेलेल्या सगळ्या योजनांच्या अर्जांपैकी किती परत आले व कोणत्या कारणानं, हे कलम 4 खाली संबंधित कार्यालयांनी दर तिमाहीला ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावं. ठराव झाला की इतिवृत्ताची सही-शिक्क्याची नक्कल घ्यायची, तोंडी "हो हो" वर उठायचं नाही. एक प्रत तहसीलदारांना, एक तालुका कृषी अधिकाऱ्यांना, एक जिल्हाधिकाऱ्यांना, पोच घेऊन.

ज्यांना आपल्या गावात मांडायचाय त्यांनी नमुना मागून घ्या, पाठवतो. आणि ज्यांचा अर्ज मोघम शेऱ्यानं परत आलाय त्यांनी शेऱ्याचा फोटो पाठवा. नाव, आधार, अर्ज क्रमांक झाकून पाठवा, फक्त शेरा, तारीख आणि तालुका दिसू द्या. तालुकावार लावून ठरावाच्या प्रतीला जोडणार आहे. रविवार संध्याकाळपर्यंत आले तर बरं, सोमवारी मला तालुक्याला जायचंय.